दासीच्या झग्याची नाडी पुढे असते

शारजात थंडी आली हे मला कॅलेंडर सांगत नाही, खिडकी सांगते. एखाद्या सकाळी पडदा सारावा तर समोरचं खालिद लगून गायब. पाणी नाही, पलीकडचे टॉवर नाहीत, खाली रस्ता आहे तो फक्त हॉर्नवरून कळतो. अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगचे लोक त्या दिवशी लिफ्टमध्ये एकदम खुशीत असतात. वर्षभर घामाने निथळणारी माणसं ती, त्यांना धुक्याचं कौतुक असणारच. "क्या मौसम है," म्हणतात, कपाटातले स्वेटर काढतात, बाल्कनीत उभं राहून चहा पितात. मीही चहा करते. पण तो हातात धरून बसते आणि नवऱ्याचा मेसेज येईपर्यंत पीत नाही. तो म्हणतो, अगं, ऑफिस तर हाकेच्या अंतरावर आहे. असेना का. धुक्यात शिरलेलं माणूस पलीकडे निघालं हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली काही उतरत नाही.

यंदा धुकं आलं त्याच आठवड्यात माझी लेक रेवा शाळेतून बातमी घेऊन आली. त्यांच्या वर्गाचा रेनेसाँ फेअर आहे. म्हणजे युरोपातला चारपाचशे वर्षांपूर्वीचा एक दरबार उभा करायचा. सरदार, उमराव, मेजवानी, नाच.

"आणि तू कोण?" मी तव्यावरची पोळी उलटत विचारलं.

"अटेंडंट. आय जस्ट स्टँड बिहाइंड द डचेस. सिंपल ड्रेस हवाय, मॉम, नथिंग फॅन्सी. नोबडी लुक्स ॲट अटेंडंट्स."

माझा हात थांबला. हे वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी या गावात याआधी एकदा ऐकलं होतं.

"त्याची नाडी पुढून बांधायची असते," मी म्हणाले.

"हाउ डू यू नो?"

पोळी करपली होती. ती बाजूला काढली आणि मी दुसरी लाटायला घेतली.

मी तेव्हा नववीत होते. दोन हजार दोन संपून तीन लागलं तो हिवाळा. आम्ही याच भागात, दोन गल्ल्या सोडून एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहत होतो. बाबा अबू धाबीजवळच्या मुसफ्फात एका कंत्राटदार कंपनीत एसीच्या कामावर सुपरवायझर होते. आठवडाभर तिकडेच कंपनीच्या खोलीत राहायचे आणि गुरुवारी दुपारी कंपनीच्या बसने घरी यायचे, कारण तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असायची. आई घरी शिवणकाम करायची. ब्लाउज, साडीचे फॉल, मंडळाच्या कार्यक्रमांचे परकर-पोलके. तिच्या मशीनचा आवाज आमच्या घराला असा चिकटलेला होता की तो थांबला तरच लक्षात यायचं.

त्या हिवाळ्यात प्रत्येक घरात टीव्ही चालू असे आणि प्रत्येक टीव्हीवर एकच विषय. इराकवर युद्ध होणार. होणार की नाही हा प्रश्न केव्हाच मागे पडला होता, आता फक्त कधी एवढंच उरलं होतं. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिळगूळ देता देता बोलत होत्या की कुवेतमध्ये म्हणे लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावतायत. कुणी मुलांना आजोळी पाठवणार होतं. कुणी तांदळाच्या गोण्या भरून ठेवल्या होत्या. "आपल्याकडे काही होत नाही हो, इन्शाल्ला," असं प्रत्येक जण म्हणे आणि मग बोलणं तिथेच तुटे.

अशा दिवसांत वेंडी आमच्या घरी आली. उंच, हसरी, गोरी बाई, नवरा कुठल्याशा बँकेत. खालच्या शिंप्याने तिला आईचं नाव सांगितलं होतं. तिच्या मित्रमंडळींचा एक हौशी गट होता. दर हिवाळ्यात ते दुबईतल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर जुन्या इटलीतल्या एका ड्यूकच्या लग्नाची मेजवानी साकार करत. स्वतःचे पोशाख त्यांनी पदरमोड करून परदेशातून शिवून आणलेले, मखमल, किनखाप, मोत्यांच्या जाळ्या, चिरा पाडलेल्या बाह्या. पण मालकिणी म्हटल्या की मागे दासी हव्यात, आणि त्या गटात दासी व्हायला कुणी तयार नव्हतं. म्हणून आमच्या शाळेतल्या मुली घेतल्या होत्या. त्यात मी होते. आणि आमचे कपडे आईने शिवायचे होते.

वेंडी आमच्या दिवाणखान्यात जमिनीवर फतकल मारून बसली आणि तिने दासीच्या कपड्यांची सगळी शिस्त आम्हाला समजावली. ती इंग्रजीत सांगे, मी मराठीत. कापड जाडंभरडं हवं, त्याला काठ नको, कशिदा नको, चमक तर नकोच. आत एक पांढरा सैल सदरा, वर मातकट रंगाचा झगा. झगा घोट्याच्या वर, कारण ताटं घेऊन धावताना पायात यायला नको. बाह्या खांद्याशी नाडीने बांधलेल्या, म्हणजे भांडी घासायला काढून ठेवता येतात. पुढे एप्रन. डोक्याला कानापर्यंत येणारी टोपी, केस दिसता कामा नयेत.

"झबलं आणि टोपडं," आई मला म्हणाली. "एवढ्या घोडम्या मुलींना."

मी हसले. वेंडीलाही हसू आलं, काही न कळता. मग तिने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली होती. मालकिणीच्या पोशाखाची नाडी पाठीवर असते, कारण ती बांधायला तिच्याकडे दासी असते. दासीची नाडी पुढे असते. तिला बांधून द्यायला कुणीच नसतं.

"आणि शेवटचं," वेंडी म्हणाली. "अ गुड अटेंडंट इज नेव्हर लुक्ड ॲट ट्वाइस."

मी आईला सांगितलं, "चांगल्या दासीकडे कुणी दुसऱ्यांदा बघता कामा नये."

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली, "मग हरवली तर शोधायची कशी?"

मी ते वेंडीला सांगितलं. ती मनापासून हसली. "ओह, माय डिअर, नोबडी लूझेस अ सर्व्हंट."

कापड आणायला आम्ही दोघी शारजातल्याच रोला भागातल्या बाजारात गेलो. आई ज्याला मांजरपाट म्हणते त्याला तिकडचे दुकानदार लट्ठा म्हणतात. आमचा नेहमीचा दुकानदार म्हातारा पठाण होता, आईला बहनजी म्हणायचा आणि मला नेहमी एक चिंधी बाहुलीसाठी द्यायचा, मी नववीत गेले तरी. आईने कोरा लट्ठा मागितला. किती ते सांगितलं. त्याचा गज हातातच राहिला. त्याने आवाज खाली आणला आणि विचारलं, "बहनजी, घर में सब खैरियत? इतना कोरा लट्ठा... कितने लोगों के लिए?"

आईला आधी कळलं नाही. मग कळलं, कफनाला हाच लट्ठा लागतो. तिने घाईघाईने सांगितलं, नाही नाही, नाटकाचे कपडे आहेत, मुली नाचणार आहेत. "अच्छा, अच्छा, नाटक," म्हणत त्याने कापड फाडलं. कोऱ्या कापडाची खळ नाकात जाते आणि फाडताना त्याचा एक कोरडा, लांब आवाज होतो. परतीच्या टॅक्सीत आई पिशवी मांडीवर न घेता पायाशी ठेवून बसली होती. "बाबांना सांगू नकोस तो काय म्हणाला ते," ती एवढंच बोलली.

घरी आल्यावर तिने कापडाच्या एका टोकाला हळदकुंकू लावलं. हे आमच्याकडे नेहमीचंच. नवं वस्त्र अंगाला लागण्याआधी त्याच्या टोकाला बोट लावायचं. माझ्या शाळेच्या गणवेशाला, बाबांच्या रुमालांना, दिवाणाच्या चादरीलाही. पण त्या दिवशी तिने एका टोकावर भागवलं नाही. पुढे एकेक झगा मातकट रंगवून, शिवून झाला की त्याच्या घेराच्या आतल्या बाजूला तिचं बोट फिरे. पिवळा ठिपका, त्यावर लाल. माझा सोडला तर तिला अनोळखी मुलींचे कपडे होते ते, पण आईच्या मनात जे बसलं होतं ते बसलं होतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी बाबा घरी आले ते एकटे नव्हते, बरोबर मल्लेश होता. मल्लेश म्हणजे बाबांचा खोलीतला सोबती, करीमनगरकडचा, बायको तिकडे गावी, एसीच्या पत्र्याच्या नळ्या बसवणारा. बाबांसारखाच सडपातळ, त्यांच्याच उंचीचा. मागून दोघांतला कोण कोण ते मलाही ओळखू यायचं नाही. आईच्या थालीपिठावर त्याचा भारी जीव. जेवताना बाबांनी बातमी सांगितली. कंपनीला कुवेतमध्ये काम मिळालं होतं. सीमेजवळच्या वाळवंटात सैन्याचे तंबू उभे राहात होते आणि त्या तंबूंना थंड हवा हवी होती. दोघांनाही जायचं होतं.

आई ताटात भात वाढत होती. तिची पळी मध्येच थांबली.

"अहो, तिकडे युद्ध व्हायचंय आणि तुम्ही तिकडेच चाललात?"

"आम्ही कुठे लढायला चाललोय? आम्ही एसी लावणार. लढणारे वेगळे, त्यांचा गारवा बघणारे वेगळे."

"नाही म्हणून सांगा."

"नाही म्हटलं की खलास. व्हिसा कॅन्सल, आणि मनूची दहावी पुढच्या वर्षी." मनू म्हणजे मी. माझं नाव आलं तसं आईने पुढे काही विचारलं नाही.

"भाभी, फिकर नक्को करो," मल्लेश म्हणाला. "साब के साथ मैं हूँ ना."

जेवण झाल्यावर बाबांनी पिशवीतून नवी डांगरी काढून दाखवली, गळ्यापासून पायापर्यंतचा एकसंध कामाचा पोशाख. मुसफ्फात ते निळी घालत. ही वाळूच्या रंगाची होती. खिशावर कंपनीचं नाव आणि बाबांचा नंबर शिवलेला. बाबांनी ती अंगाला लावून बघितली आणि मला आमच्या दासीच्या झग्यांची आठवण झाली. तसलाच मातकट रंग, चमक नाही, काठ नाही. वाळूत उभं राहिलं तर माणूस दिसूच नये असा.

आईने देवघरातून कुयरी आणली आणि डांगरीच्या कॉलरच्या आतल्या बाजूला हळदकुंकू लावलं.

"अगं, तिकडचे लोक विचारतील ह्याला काय लागलंय म्हणून," बाबा म्हणाले.

"विचारू देत."

मल्लेश बघत होता. "भाभी, मेरे को भी लगाओ," तो म्हणाला, अर्धा चेष्टेत. पण त्याची डांगरी मुसफ्फाला खोलीवर होती. "अगली बार लेके आना," आई त्याला म्हणाली. "पक्का लगाऊँगी." तो मान डोलावून हसला. त्याच्या पुढच्या खेपेआधीच दोघांची निघायची तारीख आली.

बाबा गेले त्या सकाळी असंच धुकं होतं. कंपनीची बस खाली उभी होती ती तिच्या पिवळ्या दिव्यांवरून कळली. बाबा वळून हात करत होते की नाही ते आम्हाला दिसलं नाही, पण आई बाल्कनीतून हात हलवत राहिली. बसचा आवाज गेल्यावरही तिचा हात वर होता.

दोन दिवसांनी वेंडी कपडे बघायला आली. झगे तिला फार आवडले. एकेक उलटून बघताना तिला आतल्या बाजूचे ठिपके दिसले. "व्हॉट आर दीज स्टेन्स?"

मी सांगितलं, डाग नाहीत, ब्लेसिंग आहे.

"हाउ लव्हली," ती म्हणाली आणि तिला ते खरंच आवडलं असावं. "बट विल इट वॉश आउट? घेर फिरला की दिसेल. आणि दासीच्या कपड्यावर नजर अडकेल असं काही नको."

मग आईने बाथरूममध्ये टब भरला आणि सगळे झगे भिजवले. साबण लागला की हळद लाल होते, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? तरी त्या दिवशी आई साबण फिरवता फिरवता मागे सरकली. टबात सगळीकडे लाल ठिपके फुटत होते, एकेका झग्यावर एकेक. ती कोरड्या हाताने दाराची चौकट धरून उभी राहिली. "मनू, तू धू गं उरलेले," म्हणाली. मी धुतले. उन्हात वाळल्यावर डाग गेले. पण त्यानंतर आई रोज टीव्ही लावायची आणि आवाज बंद करून बघत बसायची.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. आईच्या मनाला त्या महिन्यात दुसरा धंदाच नव्हता. शुक्रवारी बाबांचा कार्डावरून फोन यायचा. ते हवेबद्दल बोलायचे, डाळीबद्दल बोलायचे, मल्लेश कसा तंबूत खड्या आवाजात गातो ते सांगायचे. एकदा म्हणाले, "मास्क दिलेत आम्हाला तोंडावर लावायचे. उगाच. हत्तीच्या सोंडेसारखे दिसतो आम्ही." फोन ठेवल्यावर आईने मला विचारलं, "मास्क कशाला देतात गं, काही होणार नसेल तर?"

मेजवानीची संध्याकाळ मला तुकड्यातुकड्यांत आठवते. हिरवळीवर मशाली होत्या. लांब टेबलांवर द्राक्षं, अख्ख्या भाजलेल्या कोंबड्या. वेंडी डचेस होती, गडद लाल मखमलीत. तिच्या पाठीवरची नाडी मीच आवळून बांधली होती. मी तिच्या मागे झग्याचा घोळ धरून उभी. ठरल्याप्रमाणे नजर खाली. आणि खरंच कुणी बघत नव्हतं. लोक डचेसकडे बघून हसत, माझ्या अंगावरून त्यांची नजर अशी सरकत जाई की मलाच शंका यावी, मी आहे ना इथे? आधी गंमत वाटली. नंतर नाही. पाहुण्यांच्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पुष्कळ गोरी कुटुंबं मायदेशी निघून गेली होती. जे आले होते ते अधूनमधून मोबाइल कानाला लावून मशालींच्या उजेडाबाहेर जात. वाद्यं वाजत होती आणि मला एकच दिसत होतं, वाळूच्या रंगाचे कपडे घातलेली माणसं, दुसऱ्यांच्या मेजवानीमागे खाली मान घालून उभी.

परतताना वेंडीने माझी हनुवटी धरली. "यू वेअर परफेक्ट, डार्लिंग. आय फरगॉट यू वेअर देअर."

मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. कुवेतमध्ये भोंगे वाजायला लागले. बाबांचे फोन छोटे झाले. "बरा आहे. ठेवतो." मग उत्तरेकडे वाळूचं मोठं वादळ उठलं. टीव्हीवर सगळं आकाश नारिंगी दिसत होतं. फोन लागेनासे झाले.

त्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी भाजी चिरताना फोन वाजला आणि आईने उचलला. मुसफ्फाच्या ऑफिसातला टाइमकीपर होता. त्याचा आवाज मला शेजारी उभं राहून ऐकू येत होता, कारण तो ओरडून बोलत होता, जसं काही वादळ त्याच्याच खोलीत होतं. वादळात गाडी उलटली. सामान घेऊन जाणारी. "मॅडम, आपके हजबंड... एक्सपायर."

आई रडली नाही. ती म्हणाली, "कॉलर देखो."

"मॅडम?"

"कॉलर का अंदर का साइड देखो. फिर बोलो."

त्या माणसाला वाटलं असेल बाईचं डोकं फिरलं. पण त्याने कॅम्पवर विचारून परत फोन केला, हे मी त्याचं कायमचं ऋण मानते. मधल्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. फोन वाजला. "हाँ मॅडम. अंदर दाग है. लाल-पीला. और नंबर भी उन्हीं का है."

शेजारच्या जोशीकाकू आल्या. आणखी कोण कोण आलं. कुणी मला जवळ घेतलं. आईला कुणी हात लावला नाही, ती खुर्चीत ताठ बसली होती. नंतर ती उठली आणि बेसिनकडे गेली. मी दारात होते. तिने नळ सोडला, बोटं ओली केली आणि आरशात बघत राहिली. तिच्या कपाळावर सकाळचं कुंकू होतं. ओली बोटं वर गेली, अर्ध्यात थांबली, पुन्हा पाण्याखाली गेली. परत वर गेली. मला ओरडावंसं वाटत होतं, नको पुसू. जोशीकाकू माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. दुपार उलटून गेली होती आणि पाणी वाहत होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

जोशीकाकूंनी उचलला आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी रिसीव्हर आईच्या कानाला लावला. आईचे दोन्ही हात ओले होते.

"मी बोलतोय," बाबांचा आवाज आला. "अगं, मी बोलतोय. मी आहे. मी दुसऱ्या कॅम्पवर अडकलो होतो."

आई जमिनीवर बसली. ती हसायला लागली. असं हसणं मी तिचं आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. जोशीकाकूंनी साखरेचा डबा काढून सगळ्यांच्या हातावर साखर घातली, माझ्या तोंडात कोंबली. बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. "कुंकू शाबूत राहिलं गं तुझं," कुणीतरी म्हणालं.

मग बाबा पलीकडून काहीतरी बोलले आणि आईचं हसणं थांबलं.

गाडीत मल्लेश होता. त्याची डांगरी धुऊन वाळत टाकली होती, ती वादळात उडून गेली. सामान पोचवायची घाई होती. खुंटीवर बाबांची दुसरी होती, अजून पाण्यात न घातलेली, ती घालून तो गेला. ती कुंकवाची. तोंडात, डोळ्यांत वाळू गेलेला माणूस कोण बघणार? खिशावरचा नंबर बघितला आणि लिहून टाकला. दुसऱ्यांदा कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"त्याच्या घरी अजून कळवलेलं नाही," बाबा म्हणत होते. "मीच सांगतो म्हणालोय ऑफिसला. मला फक्त... मला थोडा वेळ दे बोलायला कुणाशी तरी."

आईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. आजूबाजूच्या बायका साखरेचे चिकट हात पदराला पुसत होत्या. आई हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हणजे तिच्या कपाळावर आत्ता कुंकू आहे. सकाळी लावलेलं. तिला वाटतंय तो आहे."

बाबा उन्हाळा लागल्यावर परत आले. पुढे त्यांनी ती नोकरी सोडली. आमच्यासाठी सगळं पहिल्यासारखं झालं, म्हणजे वरून तरी. पण बाबांनी वाळूच्या रंगाचं काही कधी अंगाला लावलं नाही, शर्ट म्हणू नका की साधा रुमाल म्हणू नका. आणि आईने नव्या कपड्याला नुसतं बोट लावणं सोडलं. ती नाव घेऊन लावायला लागली. मोठ्याने. "हे मनूचं." "हे ह्यांचं." जणू समोर कुणी नीट कान न देता बसलंय आणि त्याची गफलत होऊ नये. एकदा मी तिला चिडून म्हणाले, तुझ्या कुंकवाचा काय संबंध आई, गाडी उलटली वादळाने. ती म्हणाली, "ते मला कळतं गं. पण त्याने मागितलं होतं आणि मी पुढच्या वेळी म्हणाले. मग दुसऱ्याचंच घालून गेला तो." आपलं माणूस राहिलं याचा आनंद, आणि तो दुसऱ्या कुणाच्या अंगणातून उचलून आणलेला. तो आनंद मी वापरते, पण माझा म्हणवत नाही.

काल रेवाचा झगा शिवून झाला. जाडंभरडं कापड चहाच्या पाण्यात रंगवलं, काठ नाही, घोट्याच्या वर. आई-बाबा आता साताऱ्यात असतात. आईला फोन करून सांगितलं तर तिने कापडाबद्दल काही विचारलं नाही. "लावशील ना?" एवढंच म्हणाली.

बाहेर सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. रेवा आरशासमोर उभी होती आणि पुढची नाडी स्वतः ओवत होती.

"थांब, मी बांधते."

"मॉम, आय कॅन डू इट. दॅट्स द होल पॉइंट ऑफ द फ्रंट लेसिंग!"

मी तिचे हात बाजूला केले आणि नाडी बांधली, नीट, वरपासून खालपर्यंत. मग गळ्याची पट्टी उलटून आत बोट लावलं. आधी हळद, मग कुंकू.

"हे रेवाचं," मी म्हणाले. आवाज बहुधा जरा चढला असावा, कारण ती दचकली.

"व्हाय आर यू सेइंग माय नेम?"

"कुणाचा आहे ते कळायला हवं म्हणून."

"बट आय नो इट्स माइन," ती म्हणाली.

"तुला नाही गं," मी म्हणाले, आणि पट्टी सरळ केली.